वॉरंटी शाबूत आहे

सोमवार, ३ जून
आज शाळेच्या ऑफिसात नव्या फोनची परीक्षा घेतली. दुकानात सेल्समनने याच मॉडेलवर हातोडी मारून दाखवली होती, काचेवर ओरखडासुद्धा नाही. पण टायपिस्ट चिरवाबाई म्हणाल्या, दुकानातल्या हातोडीचं आम्हाला काय सांगता? मग काय, खुर्चीवर चढलो आणि दिला सोडून. फोन कोपऱ्यावर पडला. दोष फोनचा नाही, फरशी निकृष्ट. स्क्रीनचा खालचा अर्धा भाग काळा, तिथे बोट चालत नाही. काळजी कसली? वर्षाची वॉरंटी आहे.

संध्या. ६. गावाहून, करोंगाहून, बाबांचा एक मिस कॉल. एक म्हणजे ‘बरा आहे’, दोन म्हणजे ‘फोन कर’. नियम मीच घालून दिलाय. फोन उचलायचं बटण काळ्या भागात गेलंय, पण एक मिस कॉल उचलायचा नसतोच.

मंगळवार, ४ जून
लिंबे भागातल्या बाजारात छत्रीखाली फोन दुरुस्त करणारा प्रॉमिस नावाचा पोरगा म्हणाला, साहेब, तासाभरात स्क्रीन बदलून देतो. त्याला वॉरंटी कार्ड वाचून दाखवलं: अनधिकृत माणसाने फोन उघडल्यास वॉरंटी रद्द. तर म्हणे, बरं, निदान सिम काढून माझ्या या बटणवाल्या फोनात घाला, तोवर वापरा. सिम काढणं म्हणजे उघडणंच की! चांगलं सुनावलं. नालायक हसत होता.

बुधवार, ५ जून
संध्या. ६. दोन मिस कॉल. बाबांचा हात थरथरतो, दुसरा चुकून लागला असणार. दुसऱ्याच्या फोनवरून करावा, तर नंबर पाठ नाही. तो फोनच्या आत आणि फोन उघडत नाही.

गुरुवार, ६ जून
सर्व्हिस सेंटर. दीड तास रांग. खोका आणा म्हणाले, सोमवारी. खोक्यात मी दाढीचं सामान ठेवतो. पण शिस्त असावी तर अशी!

शुक्रवार, ७ जून
सकाळपासून दोन, दोन, पुन्हा दोन. हे काय नवं वेड? दुपारी तर फोन वाजतच राहिला. बाबा स्वतःचे पैसे खर्चून बोलणार? यंदा भात चांगला पिकला वाटतं. आत्याचे मेसेज आलेले वर दिसतात, उघडत नाहीत. चिरवाबाई म्हणाल्या, अहो वायसन, बसमध्ये बसा आणि गावी जा. रजेचा अर्ज तीन दिवस आधी द्यावा लागतो. हेडक्लार्कनेच नियम मोडायचे?

शनिवार, ८ जून
संध्या. ६. काही नाही. ६.३०. काही नाही. चला, बाबांना काटकसर कळली.
जेवण गेलं नाही. मक्याच्या पिठाची न्सिमा कच्ची होती.

सोमवार, १० जून
खोका घेऊन दारात पहिला मी. काउंटरवरच्या मुलीने फोन हातात घेतला, टाचणी खुपसली, सिम काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी ओरडलो, वॉरंटी! ती म्हणाली, फोन जमा करण्याआधी सिम काढून घ्या, हे कार्डाच्या मागे पहिलंच कलम आहे. मागची बाजू मी वाचली नव्हती. फोन कसा फुटला या रकान्यात खरं ते लिहिलं: टिकाऊपणा सिद्ध करताना. ते वाचून तिने फोन परत केला. मुद्दाम पाडलेला चालत नाही, तेही मागे लिहिलंय.

प्रॉमिसकडे गेलो. या वेळी तो हसला नाही. सिम बटणवाल्या फोनात घातलं. सिमवर साठलेले आत्याचे नऊ मेसेज.
बुधवार: ताप उतरत नाही, फोन कर.
शुक्रवार: दवाखान्यात आणलंय. दादा सारखा विचारतो, दोन दिले तरी वायसन करत का नाही.
शनिवार, पहाटे: दादा गेला.
रविवार: चारपर्यंत तुझी वाट पाहिली. मग माती दिली.

माझ्यामुळे. दुसऱ्या कुणामुळे नाही.

संध्या. ६. फोन टेबलावर समोर ठेवलाय. रेंज आहे. बॅटरी भरलेली आहे. सगळी बटणं दाबून पाहिली, चालतात.