सगळ्या तयार नाहीत

शहापूर, जि. भंडारा
शनिवार, ११ नोव्हेंबर २००६

चि. अंकुर यास कौशल्याआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकते. आधीची तीन पत्रं तुला मिळाली. मिळाली नाहीत असं सांगू नकोस, रायपूरचा पत्ता बरोबर आहे. दर रविवारी तू शेजारच्या रंजिताच्या घरी फोन करून आईशी बोलतोस, आणि माझं नाव निघालं की "गाडी आली, ठेवतो" म्हणतोस. कुरियरच्या ऑफिसात रविवारी कोणती गाडी येते रे?

बातम्या म्हणशील तर धान कापणीला आलेत, घरोघरची माणसं शेतावर. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी आठ पोरं शिकवणीला येतात आणि माझं डोकं खातात. काल तुलारामच्या नातीने लिहिलं, 'द बॉईज डजंट गो.' मी विचारलं, बॉईज किती? म्हणे, बहुत. मग 'डजंट' कसं आलं? तर म्हणे, "मॅडम, नाहीच जाऊन राहिले तं काय फरक पडते?" एकतीस वर्षं मी हे एकच घोकून घेतलं. नाम अनेकवचनी असलं की पुढे 'डू नॉट'. दगडालाही पाठ झालं असतं. तिला पन्नास वेळा लिहायला लावलं आणि ती गेल्यावर मीच कपाळ धरून बसले.

गुडघा दुखतो. गॅसचं सिलिंडर सव्वा महिना झाला आलेलं नाही. संस्थेच्या मैदानाकडे मी आता जात नाही, तिथल्या ट्रकांच्या धुळीने खोकला येतो. त्या पत्राच्या भानगडीबद्दल लिहायला मी बसलेले नाही.

खोटं आहे. त्याबद्दलच बसले आहे. मागच्या तीन पत्रांतही तेच लिहायचं होतं आणि तिन्हींत मी गुडघा आणि सिलिंडर लिहून पाकीट चिकटवलं. तुला ठाऊक असलेलंच आज पुन्हा लिहिते, कारण ओळीने लिहिलं नाही तर मी परत कुठूनतरी निसटून जाईन.

फेब्रुवारीत बायांच्या हातमाग संस्थेला हैदराबादच्या त्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. हायवेला लागून असलेलं संस्थेचं मैदान ट्रक उभे करायला तीन वर्षं भाड्याने द्या, निम्म्याहून जास्त सभासद राजी असतील तर करार करू. बेबीबाई अध्यक्ष. तिने शेडमध्ये सत्तावीस जणींना बसवून एकेकीचं नाव घेऊन विचारलं. ताणा ताणायला दुसरी जागा नाही, ट्रक आले तर सूत कुठे पसरायचं? सत्तावीसच्या सत्तावीस "नाई" म्हणाल्या. तुझी आई रुखमा तर उभी राहून म्हणाली. अर्ध्या तासात विषय संपला.

उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं. तू बीएच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून ते तुझ्याकडे आलं, आणि तपासायला माझ्याकडे. तू लिहिलं होतंस, 'नन ऑफ द मेंबर्स अॅग्रीज.' त्यांच्यापैकी एकही तयार नाही. साधं, सरळ वाक्य. मी ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांना एवढंच दिसलं की 'मेंबर्स' अनेकवचनी आणि पुढे 'अॅग्रीज'ला एस लावलेला. मी लाल पेन घेतला. 'नन ऑफ' खोडून वर 'ऑल' लिहिलं आणि 'अॅग्रीज' खोडून 'डू नॉट अॅग्री'. 'ऑल द मेंबर्स डू नॉट अॅग्री.'

तू विचारलंस, "आत्या, असं लिहिलं तं काही जनी तयार हाय, असा अर्थ नाई होत का?"

मी काय म्हटलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "पेपर तपासण्यात माझं आयुष्य गेलं. तू मला इंग्रजी शिकवतोस?"

तू पत्र मी खोडून दिलं तसंच उतरवून काढलंस.

आता गंमत बघ. आपण बोलतानाही म्हणतो, 'सगळ्या तयार नाहीत.' बेबीबाई ते मान हलवून म्हणाली की एकही तयार नाही हे आंधळ्यालाही कळतं. पण तेच दुसरीने जरा थांबत, 'सगळ्या'वर जोर देऊन म्हटलं तर काही तयार आहेत असं होतं. इंग्रजीतही लोक असंच बोलतात आणि आवाजावरून समजून घेतात. कागदाला आवाज कुठला? हे मला कळायला हवं होतं. एकदा निकालाच्या दिवशी मीच 'ऑल द गर्ल्स डिड नॉट पास' लिहून दिलं, तेव्हा हेडमास्तरांनी "म्हणजे किती पास झाल्या?" विचारलं होतं. मी त्यांच्यावरच वैतागले होते.

पंधरा दिवसांत कंपनीचं उत्तर आलं. काही सभासद तयार नाहीत हे समजलं, तरी ज्या तयार आहेत त्यांना आमचा माणूस येऊन भेटेल. तो माणूस आला आणि घरोघर फिरला. प्रत्येकीला म्हणाला, तुमच्यातल्या बऱ्याच जणी राजी आहेत, तुमच्याच पत्रात लिहून दिलंय. बायांनी एकमेकींकडे पाहायला सुरुवात केली. कोण फुटली?

मग ती बैठक. रत्नाबाई उठून म्हणाली, "रुखमाचा पोरगा त्या मानसासंगं हाटेलात चहा पिऊन राहिला होता. मी माह्या डोऱ्यानं पाह्यलं." तू त्याला वाक्य चुकलं आहे हे सांगायला गेला होतास. मला ते ठाऊक होतं, आदल्या दिवशी तूच सांगितलं होतंस. बेबीबाईने मला विचारलं, "कौशल्याबाई, पत्र लिवलं कोनं?"

मी म्हटलं, "अंकुरने. मी फक्त नजर टाकली."

तू दाराशी उभा होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलला नाहीस. तुझी आई म्हणत होती, "माहा पोरगा असा नाई जी, नाई जी," आणि कोणी ऐकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तू वरठी स्टेशनवरून रायपूरची गाडी पकडलीस. लोक म्हणाले, पाहा, पळाला.

पुढचं तुला अर्धंच ठाऊक असेल, कारण रुखमा फोनवर सांगणार नाही. दुसरीने सही केलीच असेल, मग आपण कशाला वाईट व्हायचं, असं म्हणत एकेकीने सह्या केल्या. रत्नाबाईने सगळ्यांत आधी. चौदा झाल्या आणि मैदान गेलं. एप्रिलपासून ट्रक उभे आहेत. रुखमाने सही केली नाही, तरी फितूर तीच ठरली. शेडमध्ये तिच्या शेजारी कोणी बसेना. मे महिन्यात तिने माग सुटा करून घरी आणला. ताणा ती आता घरामागच्या बोळात एकटी ताणते, एक टोक खुंटीला बांधून. मी रोज खिडकीतून पाहते. एकदाही दुसरं टोक धरायला गेले नाही.

आणि अजून एक आहे, ते सगळ्यांत वाईट. तू फोनवर मार्कशीट मागितलीस ना, ती शोधताना तुझ्या पेटीत रुखमाला एक इंग्रजी कागद सापडला. ती तो घेऊन माझ्याकडेच आली.

"बाई, हा कोनता कागद हाय पाहा बरं. पोराच्या कामाचा असन तं पाठवतो."

तुझा कच्चा मसुदा होता. मी पाहिला आणि म्हटलं, "रद्दी आहे."

तिने हात पुढे केला. मी कागद परत दिला नाही, घडी करायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "मले इंग्रजी येत नाई, बाई. पन लाल शाई कोनाची हाय ते समजते. आख्ख्या गावात लाल पेन तुमच्याच घरी असते."

मी घडी परत उघडली.

"काय लिवलं होतं माह्या पोरानं? आन् तुमी काय केलं?"

मी सांगितलं. एकही तयार नाही असं त्याने लिहिलं होतं, ते मी मोडलं. वाटलं ती ओरडेल, रडेल. तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला, पदराला बांधला आणि एवढंच म्हणाली, "हे मले नका सांगू. शेडमंदी सांगा."

बुधवारी गेले. त्याआधी तीन वेळा रस्त्यातून परत फिरले. बाया मागावर धोटे चालवत होत्या. मी मध्ये उभी राहून सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं, फळा नव्हता एवढंच. पहिल्यांदा तर त्यांना विश्वासच बसेना. बेबीबाई कडाडली, "एका शब्दापायी? एवढ्याशा शब्दापायी आमचं मैदान गेलं? आन् तुमी आठ महिने चूप?" मी म्हटलं, हो. तिने मला जे जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातलं एकही खोटं नव्हतं.

मग रत्नाबाईने विचारलं, अगदी हळू आवाजात, "म्हंजे त्या मानसानं मले सांगतलं तवा कोनीच राजी नोतं?"

"कोणीच नव्हतं."

माग थांबले. सगळेच. रत्नाबाई खाली पाहत राहिली. आपण पहिली सही केली तेव्हा आपल्याआधी एकही नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. मला वाटतं माझ्यापेक्षा तीच जास्त हलली.

त्याच दिवशी दुपारी चारपाच जणी रुखमाच्या घरी गेल्या. शेडमध्ये चल म्हणाल्या. ती आली नाही. रत्नाबाई दुसऱ्या दिवशी एकटी गेली, काही न बोलता बोळात उभी राहून ताण्याचं टोक धरलं. रुखमाने तिला हाकललं नाही, बोललीही नाही. सध्या एवढंच आहे. मैदान करार संपेपर्यंत परत मिळणार नाही. कंपनीला मी फोन केला, त्यांचं म्हणणं की सह्या आहेत, वाक्याशी आम्हाला देणंघेणं नाही. बरोबरच आहे त्यांचं. चीड येते ती त्याचीच.

रुखमा माझ्याशी बोलत नाही. तुला पत्र लिहिते म्हटलं तेव्हा रंजिताकरवी तिने अट घातली. मी लिहायचं, पण बंद करायच्या आधी रंजिताने ते तिला वाचून दाखवायचं. मी वाचलेलं तिला आता चालत नाही. म्हणून इथवर लिहून कागद रंजिताकडे देते आहे.

*

कागद परत आला. रुखमाने शेवटपर्यंत ऐकलं म्हणे, मध्ये एकदा पाणी प्यायला उठली तेवढंच. कुठलीही ओळ गाळायला सांगितली नाही. खाली तिचं एक वाक्य घालायला सांगितलं. रंजिताने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. जसंच्या तसं लिहिते, त्यात माझा एक शब्द नाही:

"आत्याची लाज राखाले चूप राह्यला, अंकुर, आन् तुही माय इतं सगळ्याईचं ऐकत होती. मले एकटीले तरी काहून नाई सांगतलं? घरी ये आन् माह्यासमोर बसून सांग."

तुझी अपराधी,
कौशल्या