रिंगफ्लॅशमधला दोष

२ तारीख, सोमवार

माझा मोठा वाडगा गेला!

शाळेची बस लावून घरी आले तर हे टेबलावर वाडगा पालथा घालून, जीभ बाहेर काढून, त्याच्या बुडाला गोल भोक पाडताहेत. वर मलाच म्हणतात, "जरा धर गं." माझ्याच वाडग्याच्या खुनात मीच हातभार लावायचा!

वस्तूचं नाव रिंगफ्लॅश. भोकात एक बिनबुडाचा डबा उभा करायचा, डब्यातून कॅमेऱ्याची लेन्स बाहेर बघणार. डबा आणि वाडगा यांच्या मध्ये चमकतं फॉइल, तोंडावर बटर पेपर, आणि बाजूने जुना फ्लॅश खुपसायचा. "मग उजेड चहूबाजूंनी येतो. चेहऱ्यावर सावलीच पडत नाही!"

ह्यांनी तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांना भिंगं मोजून दिली. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि छायाचित्र मंडळात दाखल झाले. मंडळाचं 'चेहरे' नावाचं प्रदर्शन आहे, फोटो वीस तारखेपर्यंत द्यायचे. मंडळातल्या दंतवैद्याकडे विकतचा रिंगफ्लॅश आहे — दात टिपायला घेतलेला. "विकत घेण्यात कसलं आलंय कर्तृत्व?" इति आमचे शास्त्रज्ञ.

४ तारीख, बुधवार

रिंग तयार झाली. रिंग पडली. डिंक वाळायच्या आत उचलली म्हणे. कोणी? मी!

५ तारीख, गुरुवार

पहिला फोटो. अर्थात माझा — घरचा चेहरा, फुकटचा. पडदे ओढले, स्टुलावर बसवलं. केसही विंचरू दिले नाहीत. "हलू नकोस. हसू नकोस. श्वास घे, पण दिसेल असा नको."

फोटो बघून मीच चाट पडले. सुरकुत्या गायब! वाडग्याला मनातल्या मनात माफ करणार होते, तेवढ्यात डोळ्यांकडे लक्ष गेलं. उजव्या डोळ्याची बाहुली लालभडक. डावी पांढुरकी, धुरकट, जुन्या गोटीसारखी.

"लाल होणारच," हे म्हणाले, "समोरून उजेड पडला की होते. पण दोन्ही सारख्या हव्यात. रिंगची डावी बाजू कमी पडतेय."

"हो, तसंच असेल," मी म्हटलं. पटकन. फारच पटकन.

कोणाला बोलले नाही ते इथे लिहिते. डाव्या डोळ्याने मला नऊ महिन्यांपासून नीट दिसत नाही. आधी वाटलं बसची काच घाणेरडी आहे. काच पुसून पुसून झिजली, धुकं गेलं नाही. आता डाव्या आरशात नुसते रंग हलताना दिसतात. तेवीस तारखेला चालकांची वार्षिक डोळेतपासणी आहे. माझ्या आधीच्या चालकाला डोळ्यांचं निमित्त करून 'थोडे दिवस' गोदामात बसवलं. सहा वर्षं झाली, अजून खडूची खोकी मोजतोय. ही बस मिळवायला मी अकरा वर्षं मुलांना चढवायचं-उतरवायचं काम केलंय. बस सोडणार नाही. नाही म्हणजे नाही!

७ तारीख, शनिवार

शास्त्रज्ञांनी रिंग उलटी लावली. म्हणजे दोष उजवीकडे यायला हवा. फोटो काढला. दोष डावीकडेच!

हे कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे. मग म्हणाले, "फॉइल सुरकुतलं असणार."

मला हसू आवरेना. तीस वर्षं विज्ञानाच्या सान्निध्यात काढली म्हणे! कपाटही विज्ञानाच्या सान्निध्यातच होतं.

८ तारीख, रविवार

मंडळाची बैठक आमच्याकडे. अकरा पुरुष, अकरा कॅमेरे, चहाचे बावीस कप. अध्यक्ष डोळे मिटून बोलतात: "प्रकाश बोलला पाहिजे." प्रकाशाला संधी मिळेल तर ना!

ह्यांना चेहरे हवेत ते फक्त म्हाताऱ्यांचे, गरिबांचे, झोपलेल्यांचे. थोडक्यात, नको म्हणू न शकणाऱ्यांचे. दंतवैद्यांच्या फोटोंत मात्र प्रत्येकाने आ वासलेला. जित्याची खोड! त्यांनी आमची रिंग दोन बोटांत धरून विचारलं, "यात आधी काय कालवायचात?"

हे सगळ्यांबरोबर हसले. मी चहा ओतत होते — कपाच्या बाहेर.

१० तारीख, मंगळवार

डावा आरसा शाळेच्या फाटकाला घासला. नुसता ओरखडा. वॉचमनला म्हटलं, फाटक सरकलंय तुमचं.

मुलांना चढवणाऱ्या मावशी हल्ली स्वतःशी बोलायला लागल्यात. "डावीकडून सायकल." "डावीकडे आजोबा."

"तुम्हाला कोणी विचारलं?" मी.

"छे, मी आपली माझी बडबडते."

१३ तारीख, शुक्रवार

फॉइल बदलून झालं. बटर पेपर बदलला. त्याच्या जागी माझ्या उशीची खोळ. आज रात्री मी नागड्या उशीवर झोपणार, विज्ञानासाठी.

लेकीचा फोन: "आई, बाबांना सांग, हे मोबाइलमध्ये फुकट मिळतं." हे मागून ओरडले, "मग तुझं तोंडही तिथूनच बघू का?" ती हसली. वर्षभर आलेली नाही.

१५ तारीख, रविवार

फोटो क्रमांक अकरा. दोष जागच्या जागी.

स्क्रू फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता विचारलं, "रिंगकडे बघताना त्रास होतो का गं तुला?"

"एवढा उजेड डोळ्यांत मारल्यावर कोणाला होणार नाही?"

"तसं नव्हे. एका बाजूला?"

"आधी तुमची रिंग सुधारा!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा रेडिओ बंद झाला.

"बरं," म्हणाले. पुन्हा सगळे स्क्रू काढायला घेतले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्या घरात ते बिचारं अंगण चार वेळा उकरून झालं. आणि नाचणारी स्टुलावर गप्प.

१७ तारीख, मंगळवार

चष्म्याच्या दुकानात टांगलेल्या तक्त्याचा गुपचूप फोटो काढून आणला. सगळीकडे तोच तक्ता असतो, मागच्या वर्षीही तोच होता. पाठ करतेय. ग प ट. म न ल व. शाळेत कविता पाठ होत नव्हती म्हणून छड्या खाल्ल्या. आता पन्नाशीत काय स्मरणशक्ती आलीये!

२० तारीख, शुक्रवार

ह्यांनी फोटो दिला नाही. प्रदर्शन बुडालं.

मंडळात उभं राहून सांगितलं म्हणे, "रिंगमध्ये दोष आहे. सापडत नाही." दंतवैद्य म्हणाले, "वाडग्याने सूप प्यावं, फोटो काढू नयेत." सगळे खो खो हसले. ह्यांनी घरी येऊन हे मलाच हसत हसत सांगितलं, आणि मीही हसले. हात दाखवून अवलक्षण, असंही म्हणाले वर.

मला डोळे बारीक करायला लावून एक फोटो दिला असता तर काय बिघडलं असतं? संगणकावर दोन मिनिटांत दोन्ही बाहुल्या काळ्या होतात. तेवढंही जमू नये?

२१ तारीख, शनिवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

शेवटच्या थांब्यावर सगळी मुलं उतरली. मी मोजली. गिअर टाकला, बस जराशी हलली. आणि मावशींनी दोन्ही हातांनी पत्रा बडवला. ब्रेक दाबला. दुसरीतली ती छोटी, दोन वेण्यांची, डाव्या चाकापुढे वाकून पाण्याची बाटली उचलत होती. चाक आणि ती यांच्यात एक हात अंतर. एक हात!

तिने बाटली पुसली आणि मला टाटा केला.

परतीच्या सबंध रस्त्यात मावशींनी डावीकडचं काहीच सांगितलं नाही. रडत होत्या बहुतेक. मला भीती वाटते. मला फार भीती वाटते.

२२ तारीख, रविवार

ग प ट. म न ल व.

२३ तारीख, सोमवार

पास!

तपासणारा फोनवर भावाशी जागेवरून भांडत होता. मला खुणेने म्हणाला, एक डोळा झाका. मग दुसरा. मी घडाघडा म्हटलं. एकदा तर त्याने काठी ठेवायच्या आतच ओळ म्हणून मोकळी झाले. "वा! पंचविशीतले डोळे आहेत," म्हणाला आणि शिक्का मारला. इकडे ह्यांच्या वाडग्याला जे दिसतं ते सरकारमान्य माणसाला दिसत नाही.

पेढे वाटावेत इतका आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन सांगितलं, "पास झाले." ह्यांच्या हातात रिंग होती. ती हळूच टेबलावर ठेवली, "अच्छा" म्हणाले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. अभिनंदनाचा एक शब्द नाही! मी चिडले. मग कशावर चिडले ते आठवेना.

२४ तारीख, मंगळवार

चिकटपट्टी शोधायला ह्यांचा खण उघडला. प्रयोगवही सापडली. सवय जात नाही — उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं रेघा मारून, तारखांसकट.

'ता. ७. रिंग उलटी केली. दोष जागेवर.'

'ता. ८. दंतवैद्य, अध्यक्ष आणि इतर, एकूण दहा जणांचे फोटो. दोन्ही बाहुल्या लाल. रिंग निर्दोष.'

ता. ८! तेव्हापासून माहीत होतं ह्यांना. मी आत चहा करत असताना काढलेले फोटोही चिकटवलेत, दंतवैद्यांचे डोळे सशासारखे लाल. त्यानंतर सहा पानं फक्त माझे चेहरे. फॉइल बदललं, दोष जागेवर. खोळ लावली, दोष जागेवर. चांगली रिंग सोळा दिवस खोलत आणि जोडत बसले.

'ता. १५. विचारून पाहिले. उत्तर नाही.'

'ता. २०. हा चेहरा तिच्या परवानगीवाचून भिंतीवर लावता येत नाही. खोटे डोळे काढून देणार नाही.'

'ता. २३. पास म्हणाली. उद्यापर्यंत थांबतो. मग मलाच शाळेत जावे लागेल. ती आयुष्यभर बोलणार नाही बहुतेक.'

खाली शेवटचा रकाना. निष्कर्ष. कोरा.

२५ तारीख, बुधवार

काल रात्रीच तो रकाना भरला: 'दोष रिंगमध्ये नाही.' खाली सही केली. सकाळी हे बुटाच्या नाड्या बांधत होते, म्हटलं, "बसा. मी जाते." मुख्याध्यापिकांच्या टेबलावर बसची किल्ली ठेवली, छोटीचंही सांगितलं. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. मोतीबिंदू. शस्त्रक्रियेने अर्ध्या तासात निघतो म्हणाले.