माळ्यावरची टाकी उतरवल्यानंतर

प्रिय बेरिलताई,

मॉरीनचा नमस्कार. तुझे गुडघे आणि व्हिटबीचं वारं, दोन्ही आवाक्यात असतील अशी आशा. इकडे हॅलिफॅक्सला आम्ही खुशाल, म्हणजे जिवंत आहोत.

मागच्या नाताळात तू आमच्याकडे कोट घालून जेवलीस, ते क्लिफर्डच्या फार जिव्हारी लागलं. यंदा मेहुणीला घामच फोडतो म्हणाला. घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरांना पाणी पुरवणारी माळ्यावरची उघडी टाकी त्याने स्वतःच उतरवली (रस्ता विचारणं आणि प्लंबर बोलावणं, दोन्ही त्याला कमीपणाचं वाटतं). आता सगळं पाणी पाइपांत कोंडून, दाबाखाली. दाब दाखवायला भिंतीवर एक काटा आला आणि मी संसारातून उठले. सकाळी उठून तो आधी काट्याचं तोंड बघतो.

काटा रोज खाली. तेव्हा उमगलं, पाइप कित्येक वर्षं गळत होते आणि टाकी बिचारी वरून गुपचूप भरपाई करत होती. (असं निमूट सांभाळून घेणाऱ्यांची किंमत ते गेल्यावरच कळते. मी कुणाचं नाव घेत नाही.) गळती शोधायला बैठकीच्या खोलीतल्या जमिनीच्या फळ्या उखडल्या. गळती सापडली नाही, सोफा जिन्यात आहे.

काल दाब वाढवायला त्याने पाणी भरायचा नळ उघडला आणि तेवढ्यात चहाची वेळ झाली. चहावरून उठणं त्याच्या घराण्यात नाही. दुसरा कप ओतेपर्यंत काटा टोकाला गेला, आणि सुरक्षेच्या झडपेने साठलेलं काळं पाणी भिंतीबाहेरच्या नळीतून सोडून दिलं. नळीपाशी आमचे पाद्रीबाबा उभे होते, नाताळच्या गाण्यांचं आमंत्रण घेऊन. गुडघ्यापर्यंत काळे झाले.

"असू द्या हो," ते म्हणाले, "निदान कोमट तरी आहे."

क्लिफर्ड मात्र उखडलेल्या जमिनीत पाय सोडून बसला. "बेरिल म्हणेल, ह्याला साधं घर गरम ठेवता येत नाही." मला फार वाईट वाटलं, ताई. तू असं कधीच म्हणणार नाहीस, असं मी त्याला सांगितलं. (तू म्हणतेस. फोनवर मीच ऐकते.)

तुझी,
मॉरीन

ता. क. नाताळला तू येऊ नकोस, आम्हीच येतो. टर्की आणि पुडिंग मी आणते. तू फक्त खोली गरम ठेव.

ता. क. दुसरा. तुझ्या माळ्यावर अजून उघडी टाकी आहे, हे माझ्या तोंडून निघून गेलं. क्लिफर्ड कालपासून पहिल्यांदा हसला. पान्यांची पेटी गाडीत चढली आहे. शिडी शेजाऱ्यांकडे ठेवून ये.