कबरीसाठी तुम्ही दिलेले दोन शब्द

सर,

टक्, टक्, टक-टक, टक्. तुमच्या मधल्या बोटाचं पेर टेबलाच्या फळीवर आपटतंय आणि त्या ठेक्यावर आमचा अख्खा वर्ग शार्दूलविक्रीडित म्हणतोय. हा आवाज मला परवा ठाण्याच्या बसमध्ये ऐकू आला. शेजारच्या माणसाची अंगठी पुढच्या दांड्यावर आपटत होती, एवढंच. पण शीळफाट्याच्या त्या न हलणाऱ्या गर्दीत मी डोळे मिटले आणि सरळ तुमच्या वर्गात जाऊन बसलो. खिडकीबाहेर खाडीचा वास, आत खडूची धूळ. तुम्ही कविता अर्ध्यात थांबवता, एखाद्या शब्दाशी, आणि विचारता, "हा कुठून आला असेल रे?" पोरं हसतात, कारण आता तास संपेपर्यंत कविता पुढे सरकणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. मला मात्र तेच हवं असायचं. कविता मी घरी पाठ करून आलेलो असे. ती पळून जाणार नव्हती.

तुम्ही पाद्री होणार होतात आणि मध्येच शिक्षण सोडून मराठी शिकवायला आलात, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. का सोडलंत ते कुणालाच माहीत नव्हतं. तिथे शिकलेली ग्रीक भाषा मात्र तुमच्याजवळ उरली होती, आणि ती ऐकायला गिऱ्हाईक नव्हतं. ते मी झालो. शनिवारी शाळा सुटली की तुमच्या मागून चालत तुमच्या गावठाणातल्या घरी यायचं, आणि स्वयंपाकघरात उंबऱ्याजवळ बसायचं. तुमची विधवा बहीण, जिला तुम्ही आणि मग मीही 'बाय' म्हणायचो, ती बोंबील साफ करायची. मी खात नसे, नुसता वास खायचो. तुम्ही दाराच्या मागच्या फळीवर खडूने एक ग्रीक शब्द लिहायचात आणि त्याचा अर्थ सांगायचा नाहीत. ती तुमची पद्धत. शास्त्रात, म्हणजे बायबलात, तो शब्द जिथे जिथे आलाय त्या जागा एकेक करून सांगायच्या, आणि मी ओळखायचं. बाय वैतागायची. "शब्द तुजे, न् दार पुसाचा मी!"

'म्नेमेइऑन' त्या दारावर लिहिलेला मला अजून दिसतो. तुम्ही सांगताय: बायका पहाटे तिकडे गेल्या. त्या जागेच्या तोंडावर धोंड होती. एक वेडा माणूस तिथेच राहायचा, साखळ्या तोडायचा. मी म्हणतो, "गुहा?" तुम्ही मान हलवता. "वेड्याचं घर?" बाय बोंबलाचं डोकं उडवत खो-खो हसते. मग तुम्ही सांगता, कबर. शुभवर्तमानात कबरीला बहुतेक ठिकाणी हाच शब्द येतो. आणि त्याच्या पोटात आठवण आहे; ज्याने आठवण राहते ती वस्तू. येशूच्या शेजारच्या क्रुसावरच्या चोराने शेवटी मागून काय मागितलं, तर माझी आठवण ठेव. ते क्रियापदही याच घराण्यातलं.

त्याच दिवशी तुम्ही खाली दुसरा शब्द लिहिलात, 'कोइमेतेरिऑन'. हा शास्त्रात नाही, तुम्ही आधीच बजावलंत. तिथे नुसतं क्रियापद आहे. माणूस मेला तरी प्रभू म्हणतो, आपला मित्र झोपलाय. ग्रीकांकडे हा शब्द म्हणजे झोपायची खोली, जिथे माणसं शेजारी शेजारी आडवी होतात. पुढे ख्रिस्ती लोकांनी तो दफनभूमीला लावला, सिमेटरी म्हणतात ती हीच, आणि तो देशोदेशीची माणसं आपल्या तोंडात घोळवत घोळवत पोर्तुगिजांच्या गलबतातून तुमच्या खाडीला लागला. बाय म्हणाली, "झोप म्हनलं का भ्या कमी वाटते, दुसरं काय!" मी विचारलं, "सर, तुम्हाला यातला कुठला आवडतो? आठवणीचा की झोपेचा?" तुम्ही तव्याकडे बोट केलंत. "बाय, तो बोंबील जळतोय." सर, एवढ्या वर्षांनी त्या उत्तरावाचून माझं अडलंय.

या शब्दांची मला नशाही चढली होती. वर्गात एकदा मी ऐटीत म्हणालो की शब्दाचं मूळ तोच त्याचा खरा अर्थ, बाकी सगळा अपभ्रंश. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुझे आजोबा काय करायचे?" "भिक्षुकी, सर." "मग तू खरा भिक्षुक. ऊठ, सगळ्यांकडून दक्षिणा घे." वर्ग हशाने फुटला. मग तुम्ही जवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "कुठून आला ते जरूर विचार. पण आज तो कुणाच्या घरात राहतो, तेही जाऊन बघ. नाहीतर अर्धाच भेटला." ते अर्धं माझ्याकडून नेहमीच राहून जायचं. माझी नजर मागे वळलेली.

मला खोपटच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत नोकरी लागली तेव्हा बायने भेट दिली, बिअरच्या बाटलीत ठासून भरलेला तुमचा घरचा मसाला. वडिलांनी बाटली पाहिली, मसाला पाहिलाच नाही. आईने ती गॅलरीत ठेवली, आणि तिथे ती इतकी वर्षं राहिली की शेवटी आमच्या घराचीच झाली. पुढे तुम्ही त्या खिडकीशी यायचात, कुठेही जायचं नसताना. मी गाड्यांची नावं माइकवर एका लयीत म्हणायचो. तुम्ही काचेवर वाकून म्हणायचात, "यतिभंग झाला रे, भिवंडीपाशी." मागचा प्रवासी ओरडायचा, "ओ मास्तर, गाडी विचारायचीये की गाणं?"

हे सगळं किती गोड आहे, नाही? मी असाच वाहत जातो. सून म्हणते, "बाबा, तुम्ही आजचं वर्तमानपत्रसुद्धा जुनं करून वाचता." पण आज मी आठवणी काढायला बसलेलो नाही. सर, तुमची कबर उघडणार आहेत.

दरवर्षीसारखा मी परवा मृतांच्या दिवशी ठाण्याला आलो. तुमच्या लोकांनी कबरी चुन्याने रंगवल्या होत्या, झेंडू घातले होते, वाऱ्यात मेणबत्त्या हातांनी आडोसा धरून लावत होते. तुमच्या कबरीवर चुना नव्हता. लाल रंगाची एक फुली होती. शेजारच्या कबरीवरच्या बाईला विचारलं तर म्हणाली, "टर्म संपली त्यांची. घरचं कोण येत नाय ना." मला हा रिवाज ठाऊकच नव्हता. जागा थोडी, माणसं फार. म्हणून मातीतली कबर काही वर्षांपुरतीच असते, मग हाडं काढून तीच जागा नव्या माणसाला देतात. घरच्यांनी मागितलं तर हाडं भिंतीतल्या कोनाड्यात, नावाच्या पाटीसकट. नाहीतर मागच्या बाजूला जी हाडांची सामाईक विहीर आहे, तिच्यात. मी वाकून त्या विहिरीचं झाकण पाहिलं. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. मी तडक ऑफिसकडे निघालो.

देवळाच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, ऑफिसात दफनभूमीचं काम बघणारे एक गृहस्थ होते, माझ्या मुलाच्या वयाचे, कपाळाला आठ्या. मी कोनाडा मागितला. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

"विद्यार्थी."

"म्हणजे फॅमिली नाय."

"नाही."

"आपल्या पॅरिशचे?"

"नाही हो. मी हिंदू. डोंबिवलीला असतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अंकल, मी कुणाकुणाला देऊ? पन्नास घरं लायनीत आहेत कोनाड्यासाठी. घरच्या माणसाची सही लागते."

आणि मग मी काय केलं असेल, सर? त्यांना ग्रीक शिकवायला गेलो. म्हटलं, तुमच्या शास्त्रात कबरीचा शब्दच आठवणीवरून आलाय, नाव पुसलंत तर ती कबर कसली? ते ऐकून घेत होते म्हणून मला आणखी जोर चढला. म्हटलं, चर्चच्या हद्दीला तुम्ही म्हणता तो पॅरिश हा शब्दसुद्धा ग्रीक 'पारोइकिया'वरून आलाय, परक्या गावात उपरं म्हणून राहणं. म्हणजे खरा पॅरिशचा माणूस मीच. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. "अंकल, माझे आजोबा, पणजोबा, सगळे इथल्या मातीत आहेत. मला उपरा नका म्हणू. सोमवारी सकाळी उघडतोय. सही असली तर आणा."

खाली रस्त्यावर येईपर्यंत माझे कान तापले होते. जे ऐटीत म्हटल्याबद्दल तुम्ही मला भर वर्गात उभं केलं होतंत, तेच मी म्हातारपणी पुन्हा करून आलो होतो.

बायचा मुलगा, तुमचा भाचा, कॅनडात असतो. त्याचा नंबर मिळवायला दोन-चार जणांच्या हातापाया पडलो. त्याने लगेच ओळखलं. "तुम्ही ते दाराजवळ बसायचे ना? मम्मी सांगायची. वास खाणारा पोरगा." मी त्याला सगळं सांगितलं, सही पाठव म्हणालो, माझा आवाज चढला होता. त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला, "अंकल, एक सांगू? मम्मीपण त्याच विहिरीत आहे. पप्पापण. आमचे सगळे तिथेच. तुम्हाला वाटतं ते फेकून देतात, तसं नसतं हो. मामाला एकट्याला भिंतीत ठेवून काय करू? तो कधी एकटा राहिला नाय."

सर, मी फोन ठेवला. बाय तुमच्या आधी गेली तेव्हा मी गावठाणात येऊन गेलो होतो, तिला कुठे ठेवलं हे मी विचारलंच नव्हतं. ज्या झाकणावर मी नाव शोधत होतो त्याच्याखाली ती आहे, तिच्या बोंबलांसकट, तिच्या हसण्यासकट. माझ्या डोळ्यांना ते बेवारशांचं ठिकाण दिसलं आणि ते तुमच्या घराण्याची झोपायची खोली निघाली. निदान तो भाचा तरी तसं समजतो. मला अजून तसं पुरतं वाटत नाही. एकदा वाटतं, त्याचं खरं, तुम्ही दारावर खाली लिहिलेला शब्द तोच तुमचा. लगेच वाटतं, मग वरचा का लिहिलात? आपली आठवण राहावी असं कुणाला नाही वाटत, त्या चोरालासुद्धा वाटलं. आणि तुम्हाला मूलबाळ नव्हतं. तुमच्या वर्गातले निम्मे गेले, उरलेल्यांना माझा फोन ओळखू येत नाही. उद्या विहिरीवर झाकण बसलं की तुमचं नाव कोरलेली अशी जगात कुठेही जागा उरणार नाही. कालपासून मी हे दोन शब्द दोन हातांत घेऊन घरभर फिरतोय. जेवताना सुनेने विचारलं, "बाबा, आमटीला मीठ कमी आहे का?" मी म्हटलं, "बोंबील जळतोय." ती मुलाकडे बघत राहिली.

आज रविवार. आता संध्याकाळ होत आलीये. सही आलेली नाही, आणि ती मी पुन्हा मागितलेलीही नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी लिहिता लिहिता एक गोष्ट समोर आली आहे, ती तुमच्याशी बोलून टाकतो. कोनाडा तुम्हाला हवा होता असं म्हणायला माझ्याजवळ काहीच आधार नाही. तो मला हवा होता. वर्षातून एकदा बसमध्ये बसून कुठेतरी जायचं, एका नावासमोर उभं राहायचं, आणि पुन्हा उंबऱ्याजवळचा मुलगा व्हायचं, यासाठी. तुमच्या हाडांना मी माझ्यासाठी जागं ठेवायला निघालो होतो.

बेल वाजली म्हणून मध्येच उठलो होतो. सर, दारात ते ऑफिसातले गृहस्थ. लिफ्ट बंद, तीन जिने चढून आलेले, हातात हेल्मेट, घामाने निथळतायत. मला वाटलं, मी त्यांच्या पणजोबांना उपरं ठरवलं त्याचा जाब विचारायला आलेत. खुर्चीत बसले आणि आधी घोटभर पाणी प्यायले.

"कॅनडाहून फोन होता. विहिरीचं फायनल झालं. पण अंकल, आमच्यात उघडताना घरचं एक माणूस उभं राहतं. हाडं वर येतात ती कापडात घ्यायला, विहिरीपर्यंत न्यायला. खणणाऱ्याच्या हातून नाय नेत आम्ही. तो बोलला, डोंबिवलीच्या अंकलना उभं करा."

"मी चालेन?"

"मला काय विचारता? घरच्यांनी सांगितलंय ना. तुमचा फोन लागत नव्हता, ऑफिसच्या कागदावर पत्ता होता, म्हणून आलो. पांढरं कापड घेऊन या, सुती." मग हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "आणि ते ग्रीक... आठवणीचं काय ते? तो शब्द परत सांगा एकदा. आमच्या फादरना विचारायचाय."

सांगितला. ते आता बाहेरच्या खोलीत चहा पितायत, सून कपाटात नवं पांढरं कापड शोधतेय, आणि मी आत येऊन हे शेवटचं लिहितोय. वडिलांच्या अस्थी गोळा करायला मी पुढे झालो नव्हतो, चुलतभावाने केल्या. मला हाडांची भीती वाटते, सर. त्यांना मी हे सांगितलेलं नाही. येतो म्हणालो.