वरच्या वस्तीची एकच चूल

१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. खोकला आहे, पण तो इथे साहेबांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनाच आहे, त्यामुळे कुणी कुणाची विचारपूस करत नाही. आईचं ऑपरेशन सोमवारीच ना? डॉक्टरांना मधुमेहाचं तूच सांग, ती लपवील.

भूकंपाला सहा आठवडे झाले. आपल्या सरकारने पाठवलेली ब्लँकेटं संपली, तंबू थोडे उरलेत. रिकाम्या खोक्यावर जेवते, त्यावरच लिहिते. अंगात त्राण नाही. परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं.

परक्या देशात एवढी कुटुंबं मोजता कशी, असं तू विचारलं होतंस. घरंच उभी नाहीत, म्हणून आम्ही चुली मोजतो. एक चूल म्हणजे एक कुटुंब, एक तंबू. ही युक्ती माझीच. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी फुशारून गेले.

काल दुभाषी मला वरच्या वस्तीत घेऊन गेला. तिथे एकच चूल दिसली होती, म्हणून मी एकच तंबू दिला होता.

"बाई, आमचं एकच पातेलं वाचलं," तिथली सुईण म्हणाली. "म्हणून सगळे एकत्र शिजवतो. नऊ घरं आहोत आम्ही."

तंबूत त्यांनी लेकुरवाळ्यांना ठेवलं, म्हातारी माणसं बाहेर. सुईणीची आई गेल्या आठवड्यात थंडीने गेली. सुईण भांडली नाही, उलट तिने मला बसायला पोतं अंथरलं. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब म्हणतात, "यादी बंद झाली. सही करा आणि घरी जा, आई आजारी आहे ना तुमची?" सही केली की गोदामाला सील लागेल, उरलेले तंबू परत जातील. नाही केली, तर जिने मोजलं तिनेच सगळ्या वस्त्या पुन्हा मोजायच्या. दहा दिवस तरी जातील.

मी सही केली नाही. तिकीट रद्द केलं.

तू चिडशील, चीड. आईला विचारलं असतं तर ती "राहा" म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही. मला फार भीती वाटते गं. तिचं काही बरंवाईट झालं तर मला माफ करू नकोस, पण फोन मात्र कर.

सोमवारी तिचा हात माझ्याही वाटणीचा धरशील ना?

तुझी,
छोटी