दूध केशरीच आहे

२ ऑक्टोबर, शुक्रवार
लेकीचा फोन. अठ्ठावीसला ह्यांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी ती जेवायला येणार आणि त्याच दिवशी "काय ते ठरवून टाकू" म्हणाली. ठरवायचं म्हणजे मी हे घर सोडून तिच्या मागच्या खोलीत राहायला जायचं. एकदा गॅस चालू राहिला होता, तोही मार्चमध्ये. ते तिने पाठ करून ठेवलंय.
मी म्हटलं, माझं मला सगळं जमतं. ती म्हणाली, दाखव. मी म्हटलं, दाखवते. तुझे बाबा आणायचे तशी दुधी अळंबी रानातून स्वतः शोधून आणते आणि तुला जेवायला वाढते.
ती म्हणाली, आई, तू आयुष्यात कधी रानात गेली आहेस का?
हा प्रश्न गैरलागू आहे.
संकल्प: रोज सहाला उठणे. वाचन. रान.

३ ऑक्टोबर
आठला उठले. लायब्ररीतून अळंब्यांचं पुस्तक आणलं. चारशे पानं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं हॉस्पिटलच्या लाँड्रीत, चादरींच्या ढिगाआड बसून वाचलं. त्यामुळे जाड पुस्तकाला मी भीत नाही.
दुधी अळंबी म्हणजे मोडली की जिच्यातून दूध गळतं ती. खाण्याजोगी कशी ओळखायची, त्याच्या पाच खुणा लिहून काढल्या. पाइनच्या झाडाखाली. टोपीची कड गुळगुळीत. जिभेला सौम्य. जुन्या जखमेवर हिरवट डाग. आणि मुख्य म्हणजे दूध केशरी.
दूध पांढरं आणि कडेला लोकर असेल तर ती दुसरी. दोन दिवस संडासात मुक्काम, अशा अर्थाचं काहीतरी पुस्तकात सभ्य भाषेत दिलंय.
रंगाच्या बाबतीत मला कोण शिकवणार? सव्वीस वर्षं डाग ओळखण्यात गेली. रक्त, आयोडिन, चहा, लांबून सांगायचे. नुसत्या पांढऱ्याचेच मला सात प्रकार माहीत आहेत.

४ ऑक्टोबर
रानात जाणार होते. माझ्याच चष्म्यावर बसले. दोन्ही काचा गेल्या.
कपाटातून ह्यांचा काढून लावला. हे बस चालवायचे, कायम रात्रीची. समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून मधाच्या रंगाच्या काचा बसवून घेतल्या होत्या. नंबर जवळपास तोच. कानामागे थोडा सैल.
लावला आणि खोलीत ऊन आलं. बाहेर ढग होते.
माझा उद्या सोमवारी करायला टाकीन.

८ ऑक्टोबर
पहिली मोहीम. शेवटच्या स्टॉपपर्यंत बस, पुढे चालत. पाइन सापडले. अळंबी नाही. गुडघा दुखला.
हे दर वर्षी टोपलीभर आणायचे. कुठून, विचारलं की म्हणायचे, पाइनखाली वाकून बघ, दिसतात. चल ना, दाखवतो. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. अकरा वर्षं म्हटलं.
उद्या परत.

९ ऑक्टोबर
गेले नाही. गुडघा.

१२ ऑक्टोबर
टॉवेल पिवळे पडलेत. तीनदा धुतले, तरी पिवळेच. हल्लीच्या साबणात दम नाही.
खालच्या मजल्यावरची नर्स येऊन गेली. आमच्याच हॉस्पिटलमधून रिटायर झालेली. टॉवेल दाखवला. म्हणाली, अगं, बगळ्यासारखा पांढराफटक आहे, डोकं फिरलं का तुझं? मग म्हणाली, आणि हा चष्मा कुठला? सिनेमातल्या व्हिलनसारखी दिसतेस. ती वॉर्डात असतानाही असंच बोलायची. स्वच्छतेतलं तिला काही कळत नाही.
चष्म्याचं पुढच्या सोमवारी नक्की. घाई नाही. ह्याने उजेड चांगला पडतो, दिवसा दिवा लावायचीही गरज वाटत नाही. सवयीने लावला जातो, तेवढंच.

१४ ऑक्टोबर, दुपारी तीन
सापडली!
एक नाही, सहा. टोपीवर गोल गोल वर्तुळं, थेट पुस्तकातल्यासारखी. एक मोडली. दूध आलं. केशरी! रुमालावर थेंब टिपून घेतला, पुरावा असावा म्हणून. तिथेच चिखलात बसून थोडं रडले. आनंदाचं.
झाड पाइनचं नव्हतं, पांढऱ्या सालीचं होतं. पण शंभरएक पावलांवर पाइन होता. झाडांची मुळं बरीच लांब जातात.
कडेला किंचित लोकर होती. सकाळी गारठा होता. कोवळ्या असतील.
हिरवट डाग नाही. बरंच आहे की, जखम झालेली नाही.
पाचातली मुख्य खूण पटली म्हणजे पटली.

१५ ऑक्टोबर
जिभेची परीक्षा. पुस्तकात लिहिलंय तसा तुकडा जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकला. आग आग झाली. दोन ग्लास पाणी प्यायले. नवीन टूथपेस्ट फार तिखट आहे, बदलायला हवी.

१६ ऑक्टोबर
एक तळून खाल्ली.

१७ ऑक्टोबर
दिवसभर आडवी. कारण: शिळा पाव.

१८ ऑक्टोबर
पावाचंच. नर्स पेज घेऊन आली. म्हणाली, काय खाल्लंस? पाव, म्हटलं. म्हणाली, पावाने तोंड असं होत नाही, काहीतरी लपवते आहेस. मी म्हटलं, तू रिटायर झाली आहेस, विसरू नकोस. ती हसली आणि भांडं घासून गेली.
रात्री ह्यांच्या बाजूला हात गेला. असा जातो अधूनमधून. त्याचं आता काही नाही.

१९ ऑक्टोबर
सोमवार. अशक्तपणा, त्यामुळे चष्मा राहिला.
लेकीला कळवलं की अळंबी मिळाली. ती ओरडलीच. आई, त्या भिंगवाल्या सरांना दाखवल्याशिवाय मी एक घास तोंडात घालणार नाही, आणि तूसुद्धा घालायचा नाहीस! मी म्हटलं, छे, मी कशाला घालीन?
भिंगवाले सर म्हणजे कॉलेजातले जुने प्रोफेसर, ह्यांचे मित्र. दर रविवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत टेबल लावून बसतात. लोक टोपल्या आणतात, सर भिंगातून बघून निकाल देतात. जाईन. नुसती सही घ्यायची आहे.

२४ ऑक्टोबर
पुन्हा त्याच झाडाखाली. अकरा मिळाल्या. ह्यांची टोपली काढली. तळाशी पाइनच्या सुकलेल्या काड्या होत्या, त्या तशाच राहू दिल्या. एव्हाना माझी नजर बसली आहे. सरांना वारसदार हवा असेल तर माझी हरकत नसेल.

२५ ऑक्टोबर, रविवार
टेबलाभोवती सात-आठ माणसं. मी टोपली मधोमध ठेवली.
सरांनी एक उचलली, भिंगाला हातही लावला नाही. म्हणाले, वहिनी, ह्या खाण्याच्या नाहीत. कडेची लोकर बघा. दूध पांढरं आहे.
मी म्हटलं, केशरी आहे.
ते म्हणाले, पांढरं आहे हो.
मी म्हटलं, सर, राग मानू नका, पण तुमच्या वयात डोळे तपासून घ्यावेत. सव्वीस वर्षं लाँड्रीत होते मी. आणि रुमाल काढून टेबलावर पसरला. हा बघा डाग!
सगळे वाकले. मागून एक पोस्टमन म्हणाला, काकू, कुठाय डाग?
सर उठून माझ्या बाजूला आले. अगदी हळू म्हणाले, वहिनी, चष्मा त्याचा आहे ना? जरा काढता का?
काढला. सगळं धूसर झालं. सरांनी एक अळंबी माझ्या डोळ्यांजवळ धरून मोडली.
पांढरं. नुकत्याच धुतलेल्या चादरीचं पांढरं. सातातलं पहिलं.
निघताना सरांना लेकीच्या जेवणाचं सांगितलं. त्यांनी आपल्या टोपलीतल्या तीन खऱ्या अळंब्या कागदात बांधून दिल्या. म्हणाले, लेकीला सांगायलाच हवं असं काही नाही.
बसमध्ये चष्मा हातात धरून बसले. लावावा की पर्समध्ये टाकावा, उतरेपर्यंत ठरलं नाही.

२६ ऑक्टोबर
सोमवार. चष्मेवाल्याकडे गेले. ह्यांचा चष्मा बघून म्हणाला, आजी, ह्याच्यातून तीन आठवडे कसं चालवलंत? मी म्हटलं, चांगलं दिसायचं.

२७ ऑक्टोबर
नवा आणला. टॉवेल पांढरे आहेत. नर्सला सांगायला हवं. सांगणार नाही.

२८ ऑक्टोबर, दुपार
तीन अळंब्या लोण्यात परतल्या. घरभर तो वास, वर्षाने.
सरांनी पाहिल्यात म्हटल्यावर लेकीने एक फोड तोंडात टाकली आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, अगदी बाबा आणायचे तशा. मग म्हणाली, राहा तू इथेच. मीच उगाच मागे लागले होते.
एवढंच तर हवं होतं. फक्त गप्प बसायचं काम उरलं होतं.
मी म्हटलं, ह्या माझ्या नाहीत, सरांनी दिल्या. माझ्या विषारी होत्या. खाऊनही बघितली एक.
कशी बोलून गेले, कळलं नाही. तिने ताटातली फोड बाजूला सारली. मग पुन्हा पुढे ओढून खाल्ली. हात धुऊन आली आणि म्हणाली, पुढच्या महिन्यात खोकी घेऊन येते. मी बरं म्हटलं. ह्यांचा चष्मा टेबलावर होता. तो कुठल्या खोक्यात घालायचा, विचारलं तिने. मी म्हटलं, वापरातल्या.

संध्याकाळ
ती गेली. भांडी घासली. मग नव्या चष्म्यातून पहिल्यांदा घर नीट पाहिलं. भिंती करड्या झाल्यात. ह्यांच्या खुर्चीची पाठ पार विटली आहे. कोपऱ्यात जळमटं. इतका अंधार कधी झाला म्हणून दिवा लावायला उठले.
बटण दाबलं आणि होता तो उजेडही गेला. दिवा लागलेलाच होता.