प्लेटवरचं स्वच्छ वर्तुळ

गुरुवार, संध्याकाळ

किडनी बदलल्यावर सुमनमावशीच्या जखमेत जंतू शिरले आणि आता एकही अँटिबायोटिक लागू पडत नाही. तसलेच जंतू आमच्या लॅबमध्ये चांदीच्या नॅनोकणांनी मेले. जंतू वाढवलेल्या काचेच्या प्लेटवर, ते मेले तिथे, स्वच्छ वर्तुळ उमटलं. त्याचा फोटो मी आज आयसीयूबाहेर मावशीच्या नवऱ्याला, काकांना, दाखवला. का दाखवला मी?

"मग हेच दे की तिला," काका म्हणाले.

"माणसांवर अजून तपासलेलं नाही, काका. रक्तात सोडलं तर काय होईल, कुणालाच माहीत नाही."

त्यांनी ते वर्तुळ बोटांनी मोठं करून पुन्हा पाहिलं.

"मग हे कुणासाठी करता तुम्ही?"

"पुढच्या पेशंटसाठी."

मावशीचा हात धरायलासुद्धा हातमोजे घालावे लागतात. काका ते घालून आत गेले.